डिचोली-पेडण्यातील जुन्या व्हॅनचे स्टेअरिंग

पोर्तुगालने 1928 साली रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवण्याचा नियम केला, तरी ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून असलेल्या गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली. त्यामुळे 1961 मधील मुक्तीनंतर पुण्या-मुंबईकडून आलेल्या गाड्यांना येथे चाकाची बाजू बदलावी लागली नाही. बदलला तो सुट्या भागांचा मार्ग. मुक्तीपूर्वी भारताने केलेल्या नाकेबंदीच्या काळात जो माल मुरगाव बंदरात उतरे, तो आता बांद्यावरून पेडण्यात येऊ लागला, आणि बजाज टेम्पोची मॅटाडोर व पुढे 1984 पासून मारुती व्हॅन या गाड्या रुळल्या, तशी त्यांच्या दुरुस्तीची कामेही म्हापशापुरती राहिली नाहीत.

स्टेअरिंग कॉलम म्हणजे चालकाच्या हातातील चाकापासून खालच्या स्टेअरिंगच्या गिअरपेटीपर्यंत जाणारा दांडा व त्याची नळी. वरच्या टोकाचा बुश झिजला की चाक हातात डुगडुगते. खालचा क्रॉस, म्हणजे कोनातून फिरवणारा सांधा, सैल झाला की गाडी वळण उशिरा घेते. या रिकाम्या फिरण्याला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. तो शोधण्याची रीत साधी आहे: एकाने चाक हलकेच डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली एकेका सांध्यावर बोट ठेवून हालचाल कोठे हरवते ते पाहायचे. डिचोलीत हे दुखणे लवकर उद्भवे, कारण खनिजवाहू ट्रकांनी उडवलेली लाल धूळ फाटक्या रबरी टोपीतून आत शिरून ग्रीसमध्ये मिसळे आणि ते ग्रीसच पॉलिश पेपरासारखे धातू घासू लागे. किनाऱ्यालगतच्या मांद्रे-हरमलात मात्र खारा वारा आणि गंज हेच मुख्य शत्रू होते.

जुन्या गिअरपेटीतील वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, मध्यभागी सर्वाधिक झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच धावते; म्हणून मधला प्ले पूर्ण काढण्यासाठी स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर चाक अडकते. जाणकार कारागीर थोडा प्ले ठेवत असे, आणि गिऱ्हाइकाने त्याला आळशी म्हटले तरी न्याय कारागिराच्याच बाजूने होता. याउलट वाकलेला कॉलम तापवून सरळ करण्याची किंवा तुटलेल्या क्रॉसला वेल्डिंग मारण्याची काटकसर सर्वथा चुकीची होती. पुढे सप्टेंबर 2012 मध्ये ही धूळ उडवणाऱ्या ट्रकांच्या खाणी थांबल्या, 2019 मध्ये मारुती व्हॅनचे उत्पादनही संपले. विजेवर चालणाऱ्या स्टेअरिंगच्या नव्या गाड्यांत बिघडलेला कॉलम बहुधा अखंडच बदलला जातो.