‘जुन्नरी आहे का?’

मंचरला नानीच्या घरी लोखंडी पेटी होती. तिच्यात तळाशी दोन गोष्टी एका रुमालात बांधून ठेवलेल्या. एक मोडीत लिहिलेला जमिनीचा जुना कागद, चार घड्या घातलेला. दुसरं मामूंचं शाळेतलं मराठी वाचनाचं पुस्तक, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं. लहानपणी मी आधी पुस्तक उघडलं. पान उलटताना त्याचा कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात आला. मग भीत भीत तो मोडी कागद उलगडला. त्याला काहीच झालं नाही. घडी पडली होती, पण फाटली नव्हती. शाई काळीभोर. नानी हसून म्हणाली, “ये कागद नै रे, चमडा है चमडा.”

पुढे हाच कागद मी गावात वह्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना दाखवला. त्यांनी मजकुराकडे पाहिलंच नाही. ताव उजेडासमोर धरला, आतल्या बारीक आडव्या रेषा पाहिल्या, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळला, कानाजवळ नेऊन हलवला. मग एकच शब्द बोलले, “जुन्नरी.”

आज आपण मुलांसाठी खेळणं घेताना, घरच्यांना घेऊन सिनेमाला जाताना, एखादं पुस्तक मागवताना आधी चारजणांना विचारतो. कसं आहे, टिकतं का, पैसे वसूल होतात का? हे विचारणं नवं आहे असं आपल्याला वाटतं. जुन्नर-आंबेगावच्या बाजारात मात्र कागद घेणारा माणूस कित्येक पिढ्यांपूर्वी हेच विचारत होता. त्याच्या मतानेच एका गावाचं नाव कागदाला चिकटलं. ज्यांनी तो कागद केला, त्यांची नावं मात्र कुठेच राहिली नाहीत.

जुन्नर म्हटलं की आपल्याला शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो, लेणी आठवतात. ते योग्यच आहे. पण जुन्नर हे राज्यकारभाराचं आणि व्यापाराचंही गाव होतं. बहमनी काळात इथे सुभेदार बसत. १४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच स्वतंत्र कारभार सुरू केला आणि निजामशाही उभी राहिली. पुढे मलिक अंबरच्या काळात काही वर्षं जुन्नर ही निजामशाहीची राजधानीही होती. जिथे कचेरी, तिथे कारकून. जिथे कारकून, तिथे कागद. गावाला कुकडीचं पाणी होतं आणि कागद करायला वाहतं पाणी लागतं. इथे मुसलमान कागदी वसले आणि त्यांच्या हातचा माल ‘जुन्नरी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दौलताबादी, अहमदाबादी ही अशीच दुसरी नावं. आज आपण कंपनीचं नाव घेऊन वस्तू मागतो, तेव्हा गावाचं नाव घेऊन मागत.

हा सगळा व्यवहार मराठीत कसा मुरला आहे ते शब्दांवरून कळतं. कागद फारसी. कलम आणि दौत अरबीतून आलेले. शाई म्हणजे मुळात सियाही, काळी. दप्तर, दस्ता, रुमाल, सगळे त्याच वाटेने आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी लोकांच्या तोंडचा कागद कागदच राहिला. आजही कोणी ‘पत्र’ लिहिलं तरी ते कागदावरच लिहितो.

हा कागद तयार व्हायचा कसा? जुनी गोणपाटं, दोर, जाळी, चिंध्या असा टाकाऊ माल गोळा करायचा. तो चुन्याच्या पाण्यात भिजवायचा आणि पायाने चालवायच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटायचा. कुटलेला लगदा फडक्यात बांधून नदीत धुवायचा, पुन्हा कुटायचा, पुन्हा धुवायचा. असं अनेक दिवस चाले. मग लगदा हौदात सोडायचा. कागदी हौदाच्या काठाशी बसून गवताच्या बारीक काड्यांची चटई पाण्यात बुडवी आणि आडवी वर उचली. पाणी गळून जाई, चटईवर लगद्याचा पातळ थर राही. चाचांनी उजेडात पाहिलेल्या रेषा या चटईच्या काड्यांच्या. ताव एकावर एक रचून दाबायचे, भिंतीवर चिकटवून वाळवायचे, तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची. शेवटी फळीवर पसरून गुळगुळीत दगडाने घोटायचे. या घोटण्यावर सगळं अवलंबून. खळ कमी पडली तर शाई फुटते, घोट कमी पडला तर बोरू अडखळतो.

गिऱ्हाईक नेमकं हेच तपासायचं. आणि गिऱ्हाईक एका प्रकारचं नव्हतं.

गावच्या कुलकर्ण्याला जमाखर्च आणि वतनाचे कागद लिहायचे असत. त्याला दोन्ही बाजूंनी लिहिता येईल आणि शाई मागे उतरणार नाही असा ताव हवा. पत्र घेऊन जासूद घाटातून जाणार, घामाने भिजणार. त्या पत्राला घडीवर न फाटणारा कागद हवा. सावकाराची वही दहा वर्षं रोज हाताळली जाणार, तिला जाड कागद हवा. पोथी लिहिणाऱ्या ब्राह्मणाला आणि कुराण लिहिणाऱ्या कातिबाला मात्र एकच काळजी होती. आपण मेल्यावरही हे अक्षर राहिलं पाहिजे.

वापरणाऱ्याचं मत किती बारीक असे याचा एक पुरावा दासबोधात आहे. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात रामदासांनी लिहिण्याच्या कामावर उपदेश केला आहे. अक्षर कसं काढावं, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, बोरू कुठून कुठून आणावेत, हे सगळं त्यात येतं. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून मध्येच लिहावं, म्हणजे कागद कडांनी झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असंही ते सांगतात. कागद रोज हाताळणाऱ्या माणसाचा हा अनुभव आहे. पोथीत चूक झाली तर त्यावर पिवळा हरताळ लावून अक्षर झाकत. कागदही पिवळट, त्यामुळे डाग दिसत नसे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. आपल्या रोजच्या बोलण्यात त्या कागदाचा रंग अजून शिल्लक आहे तो असा.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. पोथी म्हणजे सोवळ्यात ठेवायची वस्तू. ती फळ्यांमध्ये धरून कापडात बांधायची, हात धुऊन सोडायची. ज्या कागदावर ती लिहिली जाई तो मुसलमानाने चिंध्या कुटून केलेला असे. कोणाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. ‘कागदी’ म्हणजे मुसलमान, हे गावात पोरंही जाणत. तरीही कागद देवघरात गेला. गिऱ्हाइकाने विचारलं ते एवढंच, जुन्नरी आहे का?

पुढे छापखाना आला तेव्हा ही सहजता राहिली नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापलं. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापलेल्या पुस्तकाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी यावर तोडगा काढला. त्यांनी तुपाची शाई केली. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकामुळे या छापखान्याची आठवण टिकली आहे. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकून माल बदलणाऱ्या मराठी प्रकाशकांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागेल. गंमत अशी की युरोपातल्या जुन्या हातकागदाला जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस लावत. आपल्या कागद्याची खळ धान्याची. सोवळ्याच्या कसोटीवरही जुन्नरचा कागदीच उजवा ठरला असता.

घरात या कागदाला शेवटपर्यंत काम असे. लिहून संपलेली रद्दी फेकायची नाही. ती भिजवून, मेथी घालून कुटायची आणि त्या लगद्याने बांबूच्या टोपल्या, सुपं लिंपायची. आमच्या नानीच्या घरी अशी टोपली होती, पीठ ठेवायची. उरलेल्या लगद्यातून पोरांना बाहुलीची डोकी, मुखवटे करून मिळत. बाजारातून विकत आणलेल्या खेळण्यापेक्षा ते बरे, कारण आपटले तरी फुटत नाहीत, हे त्यावरचं नानीचं मत. कागदीही रद्दी विकत घेत आणि तिचाच पुन्हा ताव करत. पुस्तक, टोपली, खेळणं आणि परत कागद, असा तो फेरा होता.

हा फेरा तुटला कसा? इंग्रजांनी मारला, असं आपण चटकन म्हणतो. ते बरंचसं खरं आहे. सरकार हे सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. त्याने आपल्या कचेऱ्यांसाठी विलायती कागद घ्यायला सुरुवात केली. तुरुंगात कैद्यांकडून कागद करवून घेतला जाऊ लागला, त्याच्याशी मजुरीत टक्कर देणं कोणत्याही कारागिराला शक्य नव्हतं. मग गिरण्या आल्या. १८८५ मध्ये पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल्स स्थापन झाली. त्याच वर्षीच्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्याची नोंद आहे. तिथले कागदी मूळचे जुन्नर आणि नाशिककडचे, असं ते सांगतं. कागदीपुऱ्याचं नाव आजही पुण्यात आहे, कागद मात्र होत नाही.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आपण सुटू शकत नाही. साध्या गिऱ्हाइकानेही मत बदललं होतं. गिरणीचा कागद पांढराशुभ्र, सगळे ताव सारखे, आणि स्वस्त. बोरू जाऊन पोलादी टाक आला, त्याचं टोक हातकागदाच्या धाग्यात अडकू लागलं. छापखान्याला एकसारखा कागद हवा होता. आणि मुख्य म्हणजे गावोगाव शाळा निघाल्या. जुन्नरी कागदावर हाताने लिहिलेली पोथी गावात एखाद-दुसऱ्या घरी असायची. गिरणीच्या कागदावर छापलेलं पुस्तक काही आण्यांत आदिवासी पाड्यावरच्या, महारवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या पोरापर्यंत पोचू शकत होतं. मामूंचं ते तुटणारं पुस्तक नसतं तर आमच्या घरात पहिला शिकलेला माणूस झालाच नसता. म्हणून त्या वेळच्या गिऱ्हाइकाला मी नावं ठेवणार नाही. त्याने टिकाऊपणा सोडून पोच निवडली. त्याची गरजच ती होती.

त्याची किंमत मात्र कागद्यांच्या घरांनी मोजली. ज्या हातांना घोटण्याचं काम येत होतं ते दुसरीकडे वळले. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेलं. १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशींनी हातकागद संस्था सुरू केली. हे काम मोलाचं होतं. पण तोवर हातकागद लग्नपत्रिकेचा आणि चित्रकाराचा झाला होता. कुलकर्णी, सावकार आणि कातिब हे रोजचं गिऱ्हाईक परत आलं नाही.

काळाने मात्र उलटा निकाल दिला. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल राहतं. तो काही दशकांतच पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. म्हणून आपल्या आजोबांची पुस्तकं तुटतात आणि त्यांच्या खापरपणजोबांचे कागद उलगडतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे सुमारे चाळीस हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड काढले. मराठ्यांचा इतिहास आपण ज्या पुराव्यांवर सांगतो तो पुरावा टिकला, कारण हातकागद टिकला. त्यावर कोणी सही केली ते आपण वाचतो. तो कोणी घोटला ते कोणीच लिहिलं नाही.

आज जुन्नरच्या नावाने इतिहासावर वाद घातले जातात. कोण इथला, कोण बाहेरचा, अशी मोजदाद होते. अशा वेळी मला मंचरचे ते चाचा आठवतात. त्यांनी कागद वाचला नाही, त्यावर कोणाची मोहर आहे ते पाहिलं नाही. चिमटीत धरून चोळला आणि करणाऱ्याच्या गावाचं नाव सांगितलं. कागद्यांना मिळालेली पावती एवढीच, आणि ती त्यांना रोजच्या गिऱ्हाइकाने दिली. ब्राह्मणानेही दिली, मराठ्यानेही, वाण्यानेही, मुसलमानानेही.

तुमच्या घरात एखादा जुना कागद असेल तर त्यावर काय लिहिलंय ते जरूर वाचून घ्या. मोडी येत नसेल तर शिकलेल्याकडून वाचून घ्या. पण एकदा तो उजेडासमोर धरूनही बघा. काड्यांच्या बारीक रेषा दिसतील. हौदाशी बसून ती चटई उचलणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला कळणार नाही. त्याच्या हाताची खूण तेवढी दिसेल.