फुगलेल्या कंडेन्सरची गोष्ट

आज रेकॉर्डिंग किन्हीराजातून. समोर आहे माळ्यावरून उतरवलेला जुना असेंबल डेस्कटॉप. बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. घरच्यांचं निदान ठरलेलं: "लोडशेडिंगनं खाल्ला."

मी झाकण उघडलं. प्रोसेसरशेजारी छोट्या डब्यांसारखे कॅपॅसिटर असतात, दुकानात त्यांना कंडेन्सर म्हणतात. तिघांची डोकी फुगलेली, एकावर तपकिरी खरपुडी. आता सांगा, बिचाऱ्या विजेला किती वर्षं शिव्या दिल्या आपण?

2001 साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे क्लास निघाले आणि कॉम्प्युटर छोट्या गावांत दिसू लागला. नेमक्या त्याच काळात जगभर मदरबोर्ड मरत होते. कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी आणि पाणी असलेला द्रव असतो. पाण्यानं ॲल्युमिनियम खाऊ नये म्हणून द्रवात खास रसायन घालतात. तैवानमध्ये बनलेल्या कित्येक कंडेन्सरमध्ये ते नीट नव्हतं. मग आत हायड्रोजन वायू तयार व्हायचा आणि डबा फुगायचा. डोक्यावरची खाच त्यासाठीच असते: स्फोट होण्याआधी तिथून वाफ सुटावी.

जपानी कंपनीचा फॉर्म्युला चोरला, पण अर्धवटच हाती लागला, अशी बातमी तेव्हा गाजली. मला ती जरा सिनेमासारखीच वाटते. नुकसान मात्र खरं होतं. 2005 मध्ये डेलनं ऑप्टिप्लेक्स मॉडेलांच्या दुरुस्तीसाठी 30 कोटी डॉलर बाजूला काढले. असेंबल पीसीवाल्यांना कोण विचारतो! आपण स्टॅबिलायझर घेतला आणि गप्प बसलो.

बरं, दुरुस्ती. प्लग काढा. जुन्या कंडेन्सरचा फोटो घ्या, उणे बाजूची पट्टी कुठे आहे ते त्यात दिसलं पाहिजे, कारण उलटा बसवला तर नवाही फुटेल. मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, 105 डिग्रीचा, आणि दुकानात 'लो ईएसआर' असंच सांगून मागा. पंख्याचा कंडेन्सर इथं चालत नाही, भाऊ. मदरबोर्डमधलं तांबं उष्णता ओढून घेतं, म्हणून सोल्डर लवकर वितळत नाही. जोर लावून पाय उपटू नका, थोडं नवं सोल्डर लावून मग गरम करा.

आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

माझे तीन कंडेन्सर वाशीमहून यायचेत. आले की पुढच्या भागात बटण दाबू.