गुलाबपाणी आणि अर्क : महाराष्ट्रातील सुगंधी जलाच्या वापराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

सुगंधी वनस्पती पाण्यात उकळून तिची वाफ थंड केली असता दोन पदार्थ हाती लागतात. वर तेलाचा पातळ थर तरंगतो आणि त्याखाली सुगंधी पाणी राहते. तेल काढून घेतल्यावर उरणाऱ्या या पाण्याला अलीकडे बाजारात 'हायड्रोसोल' असे नाव मिळाले आहे. मराठी समाजाला हा पदार्थ मात्र नवा नाही. घाटकोपर, मुलुंड यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत काष्ठौषधींच्या दुकानात गुलाबपाणी, केवड्याचे पाणी, ओव्याचा वा बडीशेपेचा अर्क मागणारे ग्राहक नित्य आढळतात. विक्रेते या पदार्थांचे वर्णन बहुधा 'आयुर्वेदाची प्राचीन देणगी' असे करतात. हे वर्णन इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊर्ध्वपातनापूर्वीचे सुगंधी जल

पाण्याला सुगंध देण्याची प्रथा दख्खनमध्ये निश्चितच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात स्नान, विलेपन आणि पेयजल यांचा राजभोग म्हणून विचार केलेला आहे. पाटला, चंपक यांसारखी फुले घालून पिण्याचे पाणी सुवासिक करण्याची रीत त्यात येते. ही रीत फुले पाण्यात भिजविण्याची आहे, वाफ धरण्याची नव्हे. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याची फुले टाकण्याची मराठी घरांतील पद्धत याच प्रकारात मोडते.

चरकसंहितेतील पंचविध कषायकल्पनेत स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट यांची गणना होते. अर्काची होत नाही. तक्षशिला परिसरातील मृत्पात्रांच्या आधारे रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये भारत हे ऊर्ध्वपातनाचे प्राचीन माहेरघर असावे, असा तर्क मांडला होता. परंतु त्या चर्चेचा रोख मुख्यत्वे मद्यनिर्मितीवर होता. त्यावरून पुष्पजलाची अखंड परंपरा सिद्ध होत नाही.

शब्दांची साक्ष

या प्रश्नावर भाषेचा पुरावा बोलका आहे. 'गुलाब' हा शब्द फारसीतील 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी यांपासून बनला आहे. म्हणजे मुळात तो फुलाचे नव्हे, तर फुलापासून काढलेल्या पाण्याचे नाव होता. भारतीय भाषांत पाण्याचे नाव फुलाला चिकटले आणि पाण्यासाठी 'गुलाबजल', 'गुलाबपाणी' असे द्विरुक्त शब्द घडवावे लागले. मूळ अर्थ मराठीत पूर्णपणे लोपला मात्र नाही. पेशवेकालीन दरबारी शिष्टाचारातील 'अत्तरगुलाब' या जोडशब्दात 'गुलाब' म्हणजे गुलाबदाणीतून शिंपडावयाचे पाणीच होय. याच शब्दाचे अरबी रूप 'जुलाब' औषधी पेयाच्या अर्थाने प्रचलित झाले आणि मराठीत रेचकाचे वाचक ठरले.

'अर्क' या शब्दाचा इतिहासही असाच आहे. संस्कृतात त्याचा अर्थ सूर्य किंवा रुई. औषधी जल हा अर्थ मात्र अरबी 'अरक', म्हणजे घाम, या शब्दावरून आला. भांड्याच्या झाकणावर वाफ थेंबाथेंबाने जमते, त्या दृश्याला ही उपमा चपखल बसते. हे तंत्र युनानी हकिमांच्या व्यवहारातून वैद्यांकडे आले आणि पुढे त्याला संस्कृत शास्त्रग्रंथाचे अधिष्ठान मिळाले. अर्ककल्पनेला वाहिलेला 'अर्कप्रकाश' हा ग्रंथ लंकाधिपती रावणाच्या नावावर आहे. अभ्यासक त्याची रचना उत्तरकालीन मानतात. परक्या तंत्राला पौराणिक कर्ता देऊन आपलेसे करण्याचे हे बोलके उदाहरण होय.

संशोधन, व्यापार आणि कायदा

या विषयाच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांनी गुलाब, गुलाबजल व गुलाबाचे अत्तर यांच्या इतिहासाची साधने कालानुक्रमे मांडली. गंगाधराचा 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष त्यांनीच वेधले. 'गंधवाद' व त्याची टीका यांचा काळ गोडे सुमारे १३५० ते १५५० असा धरतात. गंधशास्त्र मराठीतून समजून घेऊ इच्छिणारा वर्ग त्या काळी होता, हे या टीकेवरून स्पष्ट होते.

गुलाबाच्या अत्तराचा शोध लोककथेत नूरजहानला दिला जातो. जहांगीराच्या आत्मवृत्तात मात्र ते श्रेय तिच्या आईला आहे. गुलाबजल काढताना भांड्यांतील पाण्यावर साय धरते, हे तिच्या ध्यानात आले. म्हणजे येथे गुलाबजलाचे उत्पादन आधीच रूढ होते आणि अत्तर त्यातून निघाले. १९ व्या शतकात इराणच्या आखातातून मुंबई बंदरात गुलाबजलाची आयात होत असे. याच काळात गाझीपूर हे देशी गुलाबजलाचे नामांकित केंद्र होते.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत 'अर्कप्रकाश' आहे. त्याच यादीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथही आहे. अशा रीतीने बाहेरून आलेले तंत्र विसाव्या शतकात कायद्यानेही आयुर्वेदाचे म्हणून मान्य केले.

निष्कर्ष

अर्काची परंपरा खरी आहे, परंतु ती एका धर्माची वा एका शास्त्राची नाही. देशी गंधशास्त्र, फारसी-अरबी तंत्र, युनानी चिकित्सा आणि बंदरातील व्यापार यांच्या संगमातून ती घडली. हे ध्यानात घेणे व्यवहारातही उपयुक्त आहे. 'प्राचीन' हे विशेषण गुणवत्तेची हमी देत नाही. पाण्यात कृत्रिम गंध मिसळून केलेले गुलाबपाणी आणि वाफेतून काढलेले गुलाबपाणी हे भिन्न पदार्थ आहेत. खरे पुष्पजलही परिरक्षकाविना ठेवल्यास त्यात सूक्ष्मजीव वाढू शकतात. म्हणून डोळ्यांत गुलाबपाणी घालण्याची जुनी घरगुती सवय निर्जंतुकतेच्या खात्रीवाचून धोक्याची ठरते. परंपरेचा अभिमान बाळगताना तिचा इतिहास तपासणे आणि बाटलीवरील मजकूर वाचणे, या दोन्ही गोष्टी एकाच चिकित्सक वृत्तीची अंगे आहेत.