गोंदणापासून लेझरपर्यंत : ‘पैसे परत’ या दोन शब्दांचा इतिहास

“काका, क्रीम लावून तोंड गोरं नाही झालं, तर पैसे परत मिळतात का जी?”

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा वाटतो. पण धानोऱ्यात, गडचिरोलीत, आरमोरीत हल्ली तो वरचेवर कानावर येतो. कधी क्रीम असते, कधी केस उगवण्याचं तेल, कधी शहरातल्या क्लिनिकचं लेझरचं ‘पॅकेज’. विचारणारे दबक्या आवाजात विचारतात. फसल्यापेक्षा, आपण गोरं व्हायला गेलो होतो याचीच लाज त्यांना जास्त वाटते. धंदा करणाऱ्यांना ही लाज पक्की ठाऊक आहे आणि त्यांचा अर्धा नफा तिच्यावरच उभा आहे. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आपल्या भागात देह सजवायचा सगळ्यात जुना उपचार म्हणजे गोंदण. गोंड समाजात ओझा बाया गावोगाव फिरून गोंदायच्या. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यातही ओझांच्या या कामाची नोंद आहे. आता हा व्यवहार कसा होता ते बघा. गोंदणारी बाई ओळखीची, पुन्हा त्याच गावात येणारी. काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, अंगणात व्हायचं. तिने वायदा केला तो एवढाच, की खूण उमटेल आणि राहील. ती राहायचीही, मरेपर्यंत. दुखायचं, पण दुखणार हे आधीच माहीत असायचं. असा व्यवहार बिलावाचून चालतो, कारण फसवणारा माणूस पुन्हा त्या गावात तोंड दाखवू शकत नाही.

विकणारा गावाबाहेर गेला आणि वायदा छापील झाला, तिथून पुढे सगळं बदललं.

छापील वायद्याचा जगातला सगळ्यात गाजलेला खटला इंग्लंडमधला आहे. आपल्याकडे वकिलीला बसणारी पोरं तो पहिल्याच वर्षी वाचतात. १८९१ साली तिकडे इन्फ्लुएन्झाची साथ होती. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाच्या धूर ओढायच्या उपकरणाची जाहिरात आली : सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला हा आजार होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि आमचा वायदा खरा आहे हे दाखवायला बँकेत १,००० पौंड ठेवलेही आहेत. एका बाईने ते विकत घेतलं, रोज वापरलं आणि तरी आजारी पडली. पैसे मागितले तर कंपनी म्हणाली, जाहिरातीतलं बोलणं कोण मनावर घेतो? १८९२ साली अपील कोर्टाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. लोकांनी विश्वास ठेवून पैसे खर्च करावेत म्हणून तुम्ही ठोस वायदा केलात, तर तो तुम्हाला बांधतो. बाईला १०० पौंड मिळाले.

म्हणजे ‘१५ दिवसांत फरक, नाहीतर पैसे परत’ असं लिहिणारा नुसती जाहिरात करत नसतो. तो वायदा करत असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९४० साली औषधांचा कायदा झाला, पण त्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हती. १९६२च्या दुरुस्तीने ती आत आली आणि तेव्हापासून तो औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा म्हणून ओळखला जातो. मधल्या काळात, १९५४ साली, जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध वेगळा कायदा झाला. ठराविक आजार आणि शरीराच्या काही तक्रारींवर हमखास उपाय सांगणाऱ्या जाहिरातींना त्याने बंदी घातली. लठ्ठपणा आणि उंची वाढवणं त्या यादीत आहे. गोरेपणा मात्र नाही. २०२० साली केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात गोरेपणा आणि केस पिकणं यादीत घ्यायचं सुचवलं होतं. मसुदा निघाला तेव्हा गोरेपणाची क्रीम देशात विकायला लागून ४५ वर्षं झाली होती. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ सालची. तिच्या नावातला ‘फेअर’ कंपनीने काढला तो २०२० साली.

या जुन्या कायद्यांची अडचण नीट समजून घ्या. त्यात गुन्हा होता, शिक्षा होती, इन्स्पेक्टर होता. गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यायची सोपी वाट तेवढी नव्हती. ज्याचे पैसे गेले त्याने दिवाणी कोर्टात जायचं. आमचा धानोरा तेव्हा चांदा जिल्ह्यात. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी इथल्या माणसाने जिल्ह्याच्या गावाला जायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास. एका डबीच्या पैशासाठी काहून कोण जाईल?

ही वाट तयार केली ती चळवळीने, आणि तिची मुळं आपल्या महाराष्ट्रात आहेत. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली, म्हणजे गोरेपणाची क्रीम आणि ग्राहक पंचायत एकाच वर्षीच्या. एकीने वायदा विकला, दुसरीने वायद्याचा हिशेब मागायला शिकवलं. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. जिल्ह्याला ग्राहक मंच आणला आणि ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द दिला. म्हणजे वस्तू खराब निघाली तरच नव्हे, काम नीट केलं नाही तरी दाद मागता येते.

तरी डॉक्टर मंडळी म्हणत होती की आम्ही यात बसत नाही. तो वाद १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. आजचे त्वचेचे, केसांचे, लेझरचे सगळे दवाखाने या निकालाच्या कक्षेत आहेत. ब्युटी पार्लर तर सरळसरळ सेवाच झाली.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. मनासारखा परिणाम झाला नाही एवढ्यावर पैसे परत मिळत नाहीत. शरीर प्रत्येकाचं वेगळं, आणि कोर्टही हे मानतं. प्रश्न वेगळे विचारले जातात. ठोस वायदा केला होता का? उपचार करणाऱ्याला त्याची पात्रता होती का? ठरलेल्या सगळ्या बैठका दिल्या का? धोके आधी सांगितले का? नुसती सही घेतली म्हणजे संमती झाली असंही नाही. उपचार काय, त्याचे धोके काय आणि दुसरे पर्याय कोणते, हे पेशंटला पुरेसं समजेल असं सांगावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं आहे.

दोन खटले लक्षात ठेवा. पहिला दिल्लीचा. २०१३ साली एका तरुणाने इमामी कंपनीची पुरुषांसाठीची गोरेपणाची क्रीम घेतली. किंमत ७९ रुपये. सांगितल्याप्रमाणे लावली, गोरा झाला नाही, आणि गडी थेट ग्राहक मंचात गेला. २०१५ साली तो जिंकला. २०१७ साली राज्य आयोगाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा आयोगाने पुन्हा त्याच्या बाजूने निकाल दिला. साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरा, तरुणाला ५० हजार द्या आणि खटल्याचा खर्च १० हजार. ७९ रुपयांसाठी अकरा वर्षं! कोणी त्याला येडा म्हणेल. पण त्या येड्यामुळे एक गोष्ट कागदावर आली : वापराच्या सूचना अर्धवट लिहायच्या आणि मग ‘तुम्हीच नीट वापरली नाही’ म्हणायचं, हे चालणार नाही.

दुसरा खटला केस कापण्याचा. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातल्या सलूनने एका मॉडेलचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले. २०२१ साली राष्ट्रीय आयोगाने तिला २ कोटी रुपये मंजूर केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील त्रुटी मान्य ठेवली, पण रकमेला पुरावा कुठे आहे, असं विचारून प्रकरण परत पाठवलं. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. दुःख कितीही खरं असलं तरी भरपाईचा आकडा कागदावर सिद्ध करावा लागतो.

आणि हा विषय फक्त पैशाचाही नाही. २०२३च्या सुरुवातीला आपल्या विदर्भातल्याच अकोल्याची बातमी आली होती. एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, ओळखीच्या ब्युटिशियनकडून आणलेली क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी छडा लावला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. आपल्या नियमांत अशा क्रीममध्ये पारा नकळत आला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पारा कातडीतला रंग तयार होणं रोखतो, म्हणून चेहरा सुरुवातीला खरंच उजळतो. गिऱ्हाईक खूश होतं, शेजारणीला सांगतं, आणि तोवर किडनीचं काम बिघडत असतं. लेबल नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही अशी डबी घरात असेल तर पैसे परत मागायच्या आधी लावणं बंद करा. पण ती फेकू नका. तोच पुरावा आहे.

आता आपल्या तालुक्याचं सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. एका पोरीने तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे आणि थोडे उसने, असे २४ हजार रुपये भरून बाहेरच्या शहरात चेहऱ्याच्या उपचाराच्या आठ बैठका घेतल्या. लग्नाची बोलणी चालली होती, घरच्यांनीच पाठवलं. चौथ्या बैठकीनंतर गालांवर काळे डाग आले. पैसे मागितले तर उत्तर मिळालं, ‘पॅकेज परत होत नाही, कार्डावर लिहिलं आहे.’ बिल दिलंच नव्हतं. आम्ही तिघा-चौघांनी बसून फोनपेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि आधीचे-नंतरचे फोटो काढले, तारखा लावल्या आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. उरलेल्या चार बैठकांचे १२ हजार परत आले. डाग आहेत तसेच आहेत. बाकीच्या पैशांसाठी आणि भरपाईसाठी आयोगात जायचं की नाही, हे तिच्या घरी अजून ठरत नाही. ‘लोक काय म्हणतील’ आडवं येतं. मी तिच्या बापाला एवढंच म्हटलं, भाऊ, तेंदूपत्त्याचा एक पुडा ठेकेदाराने कमी मोजला तर तुम्ही सोडता का?

आजचा कायदा तिच्या बाजूने किती आहे ते बघा. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात :

• बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.
• सदोष माल किंवा त्रुटीची सेवा परत न घेणं आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. त्यामुळे ‘परत होत नाही’ असं कार्डावर छापलं म्हणजे विषय संपला, असं होत नाही.
• तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. क्लिनिक नागपूरचं असो की रायपूरचं, धानोऱ्याच्या माणसाला गडचिरोलीचा आयोग पुरतो.
• मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.
• मुदत दोन वर्षं. कारण घडलं त्या दिवसापासून.
• आधी फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

म्हणून पैसे देतानाच बिल मागा. वायदा तोंडी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा, ‘किती बैठका, किती दिवस, नाही झालं तर काय?’ उपचार करणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर असेल तर त्याला राग येणार नाही. बिघडलं तर दुसऱ्या डॉक्टरकडून, जमल्यास सरकारी रुग्णालयातून, लेखी मत घ्या.

कोणी म्हणेल, कायदा कागदावर आहे, पण हातात काय पडतं? हा प्रश्न आपल्या तालुक्याने तरी विचारू नये. वनहक्क कायदा २००६ सालचा. मेंढा-लेखाला सामूहिक हक्काचा कागद मिळाला २००९ साली. तरी बांबूचा वाहतूक परवाना वन खातं देईना. तो ग्रामसभेच्या हाती आला २७ एप्रिल २०११ रोजी, केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा. मधल्या काळात त्या गावाने एकच केलं. कागद जपले, हिशेब लिहिला आणि लाजायचं सोडलं.

बांबूचा हक्क असा मागता येतो, तर गालावरच्या डागाचा हिशेब मागायला लाज कशाची? पोरीचा रंग काळा असण्यात तर मुळीच लाज नाही, पण त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. तोवर कोणाकडे असं प्रकरण अडलं असेल तर कागद घेऊन या, बसून तारखा लावू. दोन वर्षांची मुदत कोणासाठी थांबत नाही.