कॅम्पर व्हॅनची घरच्या घरी दुरुस्ती : फ्रिजला दोष देण्याआधी वायर तपासा

इको किंवा जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, मागे पलंग, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप बसवायचा. सामान ऑनलाइन मिळतं, सुतारकाम ओळखीचा माणूस करून देतो. घोळ होतो तो वायरिंगमध्ये, कारण घरच्या वायरिंगचा अंदाज गाडीत चालत नाही.

घरात 230 व्होल्ट, गाडीत 12. तेवढ्याच वॅटसाठी गाडीच्या वायरमधून 19 पट करंट जातो. समजा फ्रिज बॅटरीपासून 5 मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर वायर. घरात दिव्या-पंख्याला वापरतात ती 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर टाकली आणि फ्रिजने सुरू होताना 8 अँपिअर ओढले, तर जवळपास 1 व्होल्ट वाटेतच जातो. 6 चौरस मिमीच्या वायरीत पाव व्होल्ट. बॅटरी जरा उतरली की पातळ वायरीवरचा फ्रिज स्वतःच बंद होतो, आणि मालक कंप्रेसर गेला म्हणून मेकॅनिककडे धावतो.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर घ्या. फ्रिज चालू असताना आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग फ्रिजच्या सॉकेटवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायर, जोड किंवा अर्थिंगचा. फ्रिज बंद ठेवून मोजलंत तर सगळं ठीकच दिसेल. गोवा-कोकणाच्या दमट हवेत अर्थिंगचा बोल्ट हमखास गंजतो. त्याखालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, मगच आवळा.

फ्यूज असतो तो वायर वाचवायला. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावर हवा, फ्रिजजवळ नव्हे. मधेच वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि प्लायवूड पेट घेतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालू नका.

मागच्या सामानासाठी बॅटरी वेगळी ठेवा, नाहीतर सकाळी घाटात गाडीच सुरू होणार नाही. 100 अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे. काही तास भार नसताना 12.2 व्होल्ट दिसले की ती निम्म्यावर आली. सरासरी 2 अँपिअर खाणारा फ्रिज दिवसाला 48 अँपिअर-तास घेतो, म्हणजे पंख्याचा हिशेब वेगळा. लिथियम बॅटरी घेतलीत तर आल्टरनेटरवरून चार्ज करायला नुसता रिले नको, डीसी-डीसी चार्जर लावा.

पंप घेताना एक सांभाळा : आरओचे स्वस्त पंप बहुधा 24 व्होल्टचे असतात. नळ बंद असूनही पंप अधूनमधून घुरघुरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पंप फिरतोय पण पाणी नाही, तर टाकीकडच्या पाइपात हवा शिरतेय किंवा जाळी तुंबलीय.

गॅसची कायमची लाइन मात्र स्वतः टाकू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही, तळाशी झरोका लागतो.

सीट काढण्याआधी आरटीओत विचारा, गाडी केए-22 पासिंगची असो की जीए-03. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल बघता, आरसीवरच्या नोंदीत परस्पर बदल चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहते.