घाणेवाडीत पाणी किती आलं?

आज हेडफोन लावून थेट घाणेवाडीला जाऊ. जालन्याचे असाल तर नाव माहीत असेलच. निजामाच्या काळात, 1930च्या दशकात, बेझनजी फरिदुनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने कुंडलिका नदीवर हा तलाव झाला. शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी उताराने आपोआप शहरात येतं. पंप नाही, लाइट बिल नाही! इंजिनिअर म्हणून मला हे अजूनही भारी वाटतं.

त्याच्याही आधीचा मोती तलाव. जमशेद खानाने बांधलेला. त्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावातल्या हौदांत यायचं. म्हणजे तलावाशी आपलं नातं जुनंच, पण नळापुरतं. आमची आजी पावसाळ्यात एकच विचारायची, "घाणेवाडीत पाणी किती आलं रे?" पक्षी किती आले, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

2012-13च्या दुष्काळात तर तलाव आटला. तेव्हा जालनेकरांनी वर्गणी काढून गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला. मला याचा अभिमान आहे. फक्त एक गोष्ट खटकते. आपण खोली मोजतो. पण चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना काठाचं उथळ, घोटाभर पाणी लागतं. सगळीकडे सारखंच खोल खणलं, तर पाणी वाढेल आणि नेमका तो काठ जाईल.

बरं, कायदा तरी आहे का? 2017च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव पाणथळ धरलेच नाहीत. आमच्या भाषेत, 'इफ'ची अटच चुकली! कारण 1971च्या रामसर करारात मानवनिर्मित पाणथळीही येतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, ते तरी काय? सिंचनासाठी गोदावरीवर घातलेला बंधाराच. मागे गाळ साचला, गवत माजलं, पक्षी आले.

आता जालन्याला जायकवाडीचंही पाणी येतं. उद्या घाणेवाडीच्या पाण्यावाचून भागलं, तर आपण तिकडे फिरकू का?

गेल्या हिवाळ्यात बाबांना घेऊन गेलो होतो. ते सवयीने पाणी कुठवर आहे ते बघत होते. मी काठाजवळचे काळे पक्षी दाखवले. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव वारकरी. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे खातात काय रे इथं?"