मोटारगाडीचा टायर : निवड व जोडणी

मोटारगाडीचा सारा भार पेलून तिचा रस्त्याशी संबंध राखणारा हा घटक. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गुडइयर व बालकृष्ण इंडस्ट्रीज यांचे टायरांचे कारखाने असूनही तेथील ग्राहक खरेदीच्या वेळी बहुधा किंमत आणि नक्षी यांपलीकडे पाहत नाही, हे नवलच.

वास्तविक निवडीचा सगळा दस्तऐवज टायरच्या कडेवरच उमटवलेला असतो. १८५/६५ आर १५ ८८ एच या लेखात १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही त्या रुंदीच्या शेकडा प्रमाणात कडेची उंची, आर म्हणजे रेडिअल बांधणी, १५ हा रिमचा इंचांतील व्यास, ८८ म्हणजे दर टायरी ५६० किलोग्रॅम भारक्षमता आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा होय. माप गाडीच्या निर्मात्याने दिलेल्या तपशिलाबरहुकूम घ्यावे. रुबाबासाठी रुंद टायर घालण्याचा शौक असलाच, तर एकूण व्यास बदलू देऊ नये, नाहीतर स्पीडोमीटर खोटी साक्ष देतो. भारक्षमता मात्र मुळाहून कमी घेण्यास मुभा नाही. निर्मितीचे चार अंकही वाचावेत : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत हवेचा प्रश्न अधिक गंभीर होतो. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्याने आत उष्णता साचते आणि अखेरीस रबर व आतील थर यांची पकड सुटून टायर फुटतो. तेव्हा ‘उन्हाळा आहे, हवा जरा कमीच मारा’ हा मराठवाड्यातील पेट्रोलपंपांवरचा सल्ला नेमका उलटा समजावा. हवा टायर थंड असताना, निर्मात्याने सांगितल्याइतकी भरावी.

दोनच नवे टायर घ्यायचे झाल्यास, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी, ते मागे घालावेत. कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली, तर गाडी सावरणे दुष्कर होते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तो पाळावा, नवा वॉल्व्ह बसवावा, बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. स्टेपनीतील हवा तपासण्यात कसूर करू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल असता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांशी ती समतल झाली, की टायर बदलावा.